नांव कंत्राटाचें, काम नोकराचें

नोकरी म्हटली म्हणजे आपल्या घरांतून एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. ठरलेली वेळ, ठरलेला पगार, फंड, रजा, आणि निवृत्तीच्या दिवशीं हातीं पडणारी कांहीं रक्कम. हल्लीं मात्र पुष्कळ तरुण मुलामुलींच्या हातांत जो कागद पडतो त्यावर नोकरी हा शब्दच नसतो. कोठें 'सल्लागार' असें लिहिलेलें असतें, कोठें 'स्वतंत्र व्यावसायिक', तर कोठें नुसतें 'भागीदार'. कामाची वेळ तीच, साहेब तोच, उशीर झाल्यास बोलणीं खावीं लागतात तींहि तींच. बदललेलें असतें तें फक्त नांव. या नांवाच्या बदलानें कायद्याच्या दृष्टीनें काय बदलतें, आणि काय बदलत नाहीं, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम एक साधा भेद ध्यानांत घेऊं. आपण सुताराला बोलावून कपाट करावयास सांगतों. लांकूड कोणतें, रंग कोणता, हें आपण सांगतों. परंतु रंधा कसा धरावा, कोणत्या दिवशीं किती तास बसावें, सोबत कोणाला आणावें, हें त्याचें तो ठरवितो. चार घरचीं कामें तो एकाच वेळीं घेऊं शकतो. नफा त्याचा आणि तोटाहि त्याचा. याला कायद्यांत कामाचा करार म्हणतात. तोच सुतार एखाद्या कारखान्यांत रोज जाऊं लागला, कारखान्याचीं हत्यारें वापरूं लागला आणि तेथील मुकादमाच्या सांगण्याप्रमाणें वागूं लागला, म्हणजे तो सेवेचा करार होतो. पहिल्या प्रकारांत माणूस आपलें काम विकतो. दुसऱ्यांत तो आपला वेळ आणि आपली आज्ञाधारकता विकतो. कामगारांचे बहुतेक कायदे या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठीं आहेत. म्हणूनच माणूस कोणत्या वर्गांत पडतो हा प्रश्न केवळ शब्दांचा नसून पोटाचा आहे.

या प्रश्नाचा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें फार पूर्वीं, एका मिठागराच्या खटल्यांत केला. कच्छच्या रणांत कुडा या ठिकाणीं ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीचीं मिठागरें होतीं. पावसाळा संपला म्हणजे आसपासच्या गांवांतून आगरिया लोक तेथें येत, जमिनीचा एकेक पट्टा घेत आणि मीठ पिकवून मणाच्या भावानें मोबदला घेत. त्यांचे कामाचे तास ठरलेले नव्हते, त्यांची हजेरी कोणी मांडीत नसे, मदतीला घरचीं माणसें आणावयास त्यांना मोकळीक होती, आणि पावसाळ्यांत ते आपापल्या शेतीवर परत जात. कंपनीचें म्हणणें असें कीं, हे कंत्राटदार आहेत, नोकर नव्हेत. १९५६ च्या नोव्हेंबरांत न्यायालयानें हें म्हणणें अमान्य केलें. मिठाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीचीं माणसें देखरेख करीत, आणि प्रतीला न उतरलेलें मीठ नाकारण्याचा अधिकार कंपनीचा होता. काम कसें करावें हें सांगण्याचा हक्क ज्याचा, तो धनी. आणि जो स्वतः अंगमेहनतीनें तें काम करण्यास बांधलेला आहे तो, सोबत मदतनीस घेत असला तरीहि, कामगारच होय, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

आपल्याकडील उदाहरण नागपूरचें आहे. तेथील एका विडीच्या कारखान्यांत वळणारे कामगार कारखान्याच्या वेळेंत आपल्या सोयीनें येत व जात, आणि मजुरी विड्यांच्या नगावर मिळे. रजेच्या दिवसांचें वेतन त्यांनीं मागितलें तेव्हां मालकानें तोच जुना मुद्दा काढला. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वाईट वळलेल्या विड्या नाकारण्याचा अधिकार हीच येथें पुरेशी देखरेख आहे. विडी वळण्यासारख्या साध्या कामांत कोणी दिवसभर पाठीशीं उभें राहावयास पाहिजे असें नाहीं. पुढें १९७३ सालीं शिंप्यांच्या एका प्रकरणांत न्यायालय आणखी एक पाऊल पुढें गेलें. दुकानाच्या शिवणयंत्रांवर नगाप्रमाणें शिवणारे, प्रसंगीं कापड घरीं नेऊन शिवणारे कारागीरहि त्या दुकानाचे नोकर ठरले. या तिन्ही निकालांत एक सूत्र सारखें आहे. मजुरी रोजाची कीं नगाची, हजेरी मांडतात कीं नाहीं, करारावर कोणतें नांव आहे, यांपैकीं कोणतीहि एक गोष्ट निर्णायक नाहीं. सर्व परिस्थिति एकत्र पाहून खरें नातें कोणतें तें ठरवावयाचें असतें.

आतां याहून अधिक गुंतागुंतीचा प्रकार घेऊं. धनी आणि कामगार यांच्यामध्यें तिसरा एक माणूस उभा असतो, तो म्हणजे कंत्राटदार. कामगार कारखान्यांत राबतो, पण पगार कंत्राटदाराकडून घेतो. या पडद्याआड पाहण्याची कायद्याची प्रथा जुनी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यांतच अशी तरतूद होती कीं, धंद्याचा भाग असलेलें काम कंत्राटदाराकडून करून घेतलें आणि तेथें अपघात झाला, तर भरपाई मूळ धन्याकडून मागतां येईल. मुंबईच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यांतील साफसफाईचें काम वर्षानुवर्षें कंत्राटी मजुरांकडून होत असे; कायमच्या कामासाठीं ही पद्धति योग्य नव्हे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं उचलून धरला. त्यानंतर १९७० सालीं कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. वीस किंवा अधिक कंत्राटी मजूर असलेल्या आस्थापनांना तो लागू होता, आणि त्याचें सर्वांत उपयोगी कलम असें कीं, कंत्राटदारानें वेतन थकविलें तर तें मूळ धन्यानें द्यावें आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावें.

१९७८ सालीं कोळिकोडच्या एका दोराच्या कारखान्याच्या खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ही कसोटी अधिक स्पष्ट केली. ज्याच्या मर्जीवर कामगाराची रोजी चालू राहते किंवा थांबते, तोच खरा धनी. मधल्या कंत्राटदारांची रांग किती लांब आहे हें पाहण्याचें कारण नाहीं. मात्र २००१ सालीं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यांत घटनापीठानें याला एक मर्यादा घातली. कंत्राटी पद्धतीला एखाद्या ठिकाणीं बंदी झाली म्हणजे तेथील कामगार आपोआप मूळ धन्याचे कायम नोकर होत नाहींत. कंत्राट हा केवळ देखावा आहे हें औद्योगिक न्यायाधिकरणापुढें सिद्ध झालें तरच ते त्याचे नोकर ठरतात. सिद्ध करावयाचें म्हणजे पुरावा पाहिजे, आणि पुरावा गोळा करण्याचें ओझें येऊन पडतें तें ज्याच्याजवळ सर्वांत कमी कागद असतात त्या माणसावर. ही गोष्ट आपण मनांत ठेवावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या क्षेत्रांत मोठा फेरबदल झाला आहे. एकोणतीस जुने केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता त्या दिवशीं अंमलांत आल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आतां पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथें लागू होतात. म्हणजे लहान कंत्राटांवरील मजुरांचें तें छत्र आंखूड झालें. दुसऱ्या बाजूला नियुक्तिपत्र देणें धन्यावर बंधनकारक झालें. आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठीं पांच वर्षें थांबावें लागत असे, तें आतां एक वर्षावर आलें. मोबाइलवरून काम वांटणाऱ्या कंपन्यांचे वाहनचालक आणि घरपोंच सामान नेणारे तरुण यांचा उल्लेख केंद्रीय कायद्यांत सामाजिक सुरक्षेच्या संहितेनेंच प्रथम केला. अशा कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधींत भरावयाची, परंतु ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या पांच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी योजना तींत आहे. येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. संहितेनें या तरुणांना निधि देऊं केला, पण नोकर म्हटलेलें नाहीं. म्हणजे जुना प्रश्न मिटला असें नव्हे. तो नव्या वेषांत आपल्यापुढें उभा आहे.

इतका वेळ कायद्याचें बोललों. आतां थोडा हिशेब मांडूं, कारण घरांत शेवटीं हिशेबच कळतो. एका कचेरींत एक मुलगी दरमहा पंधरा हजार रुपयांवर टंकलेखनाचें आणि नोंदींचें काम करते असें समजा. तिला कागदोपत्रीं 'सल्लागार' म्हटलें आहे. तिच्या मोबदल्यावर व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के आयकर उगमस्थानींच कापला जातो. म्हणजे महिना १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये. वास्तविक तिचें वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये, म्हणजे करपात्र मर्यादेच्या बरेंच आंत. तीच पगारदार नोकर असती तर कपात शून्य झाली असती. हे १८,००० रुपये परत मिळतात, पण ते आपोआप नव्हे. मुदतींत विवरणपत्र भरावें लागतें. कित्येक मुलें तें भरीत नाहींत, आणि एका महिन्याच्या पगाराहून मोठी रक्कम सरकारजमा राहते. त्यांतून पॅन क्रमांक दिलेला नसेल तर कपात वीस टक्क्यांनीं होते.

ही झाली दिसणारी कपात. न दिसणारी याहून मोठी आहे. वीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेंत भविष्यनिर्वाह निधींत धन्यानें वेतनाच्या बारा टक्के भरावयाचे असतात. पंधरा हजारांवर ते महिना १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये होतात. त्यांतील कांहीं भाग निवृत्तिवेतनाच्या योजनेंत जातो. पांच वर्षांत ही रक्कम १,०८,००० होते, आणि व्याज वेगळें. पांच वर्षांची ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवसांचें वेतन आणि महिन्याचे सव्वीस दिवस या नेहमींच्या रीतीनें, सुमारें ४३,२६९ रुपये येते. याशिवाय नोकरींत असतांना मृत्यु आल्यास निधीशीं जोडलेल्या विम्यांतून वारसांना मिळणारी रक्कम आहे. तिची कमाल मर्यादा २०२१ सालीं सात लाख करण्यांत आली. राज्य विमा योजनेचें कुटुंबाचें औषधपाणी आणि बाळंतपणाची रजा यांचीं किंमत मी येथें धरलेलीच नाहीं. सही करतेवेळीं हातांत पडणारा पगार कदाचित् दोन-तीनशें रुपयांनीं जास्त दिसतो. परंतु त्या जास्त दिसणाऱ्या रकमेसाठीं आपण काय देऊन बसलों, हें कळावयास आजारपण किंवा अपघात यावा लागतो.

मग कंत्राटी म्हणून कर कापला गेला कीं माणसाचा नोकर म्हणवून घेण्याचा हक्क गेला कीं काय? तसें मुळींच नाहीं. आयकर कोणत्या सदराखालीं कापला, हा पुष्कळ पुराव्यांपैकीं एक पुरावा आहे. तो निकाल नव्हे. उलट हाच न्याय करखात्यालाहि लागू पडतो. धन्यानें नोकराला सल्लागार म्हणून दहा टक्के कापले, तरी नातें खरोखर नोकरीचें असेल तर पगाराच्या नियमांनीं कपात करावयास पाहिजे होती असें खातें म्हणूं शकतें.

याचा अर्थ प्रत्येक कंत्राट म्हणजे फसवणूक असाहि कोणी करूं नये. पुण्यांतील एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांविषयीं असाच वाद निघाला होता. करखात्याचें म्हणणें कीं हे पगारदार आहेत. २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें करारांतील सर्व अटी एकत्र वाचून ते स्वतंत्र व्यावसायिकच होत असें ठरविलें. ज्याच्याजवळ दुर्मिळ कौशल्य आहे, जो आपल्या कामाचा स्वतः धनी आहे, त्याला स्वातंत्र्यच अधिक मोलाचें वाटतें, आणि तें योग्यच आहे.

परंतु अशा खऱ्या स्वतंत्र व्यावसायिकानें स्वातंत्र्याबरोबर येणारीं कर्तव्येंहि उचललीं पाहिजेत. पगारदाराचा हिशेब धनी ठेवतो. याला आपला स्वतः ठेवावा लागतो. कापलेला कर वजा जातां वर्षाचा आयकर दहा हजार किंवा अधिक होत असेल, तर तो आगाऊ भरावयाचा; त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात, आणि चुकल्यास व्याज लागतें. वकील, डॉक्टर, अभियंते, हिशेबतपासनीस इत्यादि ठरलेल्या व्यवसायांना, जमा विहित मर्यादेच्या आंत असल्यास, निम्मी जमा हा नफा समजून कर भरण्याची सवलत आहे; त्यांना १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. सेवांची वार्षिक जमा वीस लाखांच्या वर गेली म्हणजे वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागते. नोकरानें धन्याला दिलेल्या सेवेवर मात्र हा कर नाहीं. महाराष्ट्रांत व्यवसाय कर पगारदाराचा धनी कापतो. स्वतंत्र माणसानें मात्र आपली नोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये स्वतः भरावयाचे असतात. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२५ सालीं नवा कायदा संमत झाला, आणि त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. त्यांत कलमांचे क्रमांक बदलले. पगार आणि शुल्क हा भेद कायम राहिला.

धनी एक नसेल, रोज वेगळा असेल, तर कामगाराला संरक्षण देतांच येणार नाहीं, असा एक युक्तिवाद वारंवार ऐकूं येतो. त्याला महाराष्ट्रानें १९६९ सालींच उत्तर देऊन ठेवलें आहे. बाजारांत ओझीं वाहणारा माथाडी सकाळीं एका व्यापाऱ्याची पोतीं उतरवितो, तर दुपारीं दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालीं या लोकांनीं चळवळ केली, आणि माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याप्रमाणें व्यापारी आणि हमाल हे दोघेहि मंडळाकडे नोंदले जातात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील ठराविक लेव्ही मंडळांत भरतो, आणि मंडळ हमालाला मजुरी देऊन निधि, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी यांची व्यवस्था लावतें. धनी शंभर असले तरी पासबुक एकच. मोबाइलवर काम घेणाऱ्या आजच्या तरुणाची स्थिति या हमालाहून फारशी निराळी नाहीं. पोतें गेलें आणि पिशवी आली, इतकेंच.

आपल्यापैकीं पुष्कळांचा या प्रश्नाशीं दुसऱ्या बाजूनेंहि संबंध येतो. आपण गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतों, कोणी चिटणीस असतात. रखवालदार, सफाईवाले, उद्वाहनाची देखभाल करणारे, हे सर्व कंत्राटानें येतात. कंत्राटदाराचें एकेक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, म्हणजे संस्थेनें आयकर कापून भरावयास पाहिजे. कंत्राटदार व्यक्ति असल्यास एक टक्का, कंपनी अगर भागीदारी पेढी असल्यास दोन टक्के. इतकें आपण बहुधा करतों, कारण हिशेबतपासनीस विचारतो. परंतु त्या रखवालदाराचा निधि भरला गेला काय, त्याला ठरलेलें किमान वेतन पोंचलें काय, हें विचारणारें कोणी नसतें. बिल मंजूर करण्यापूर्वीं कंत्राटदाराकडून वेतनपत्रक आणि निधि भरल्याची पावती मागावी. सर्वांत कमी दराची निविदा पुष्कळदां रखवालदाराच्या फंडांतूनच कमी झालेली असते.

शेवटीं, ज्यांच्या घरांतील मुलगा अगर मुलगी आज अशा कागदावर सही करणार आहे त्यांना चार गोष्टी सांगतों. सही करण्यापूर्वीं विचारावें कीं, कामाची वेळ कोण ठरविणार, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक आहे काय, आणि काम सोडतांना किंवा सोडवितांना नोटीस किती. या उत्तरांवरूनच नातें कोणतें तें समजतें. कराराची प्रत, ओळखपत्र, हजेरीच्या नोंदी, वरिष्ठांचे कामाविषयींचे लेखी हुकूम आणि बँकेतील जमेच्या नोंदी जपून ठेवाव्या. पुढें वाद पडला तर त्यांचाच आधार असतो. कापलेल्या कराचा दाखला दर तिमाहीस मागून घ्यावा, आणि आयकर खात्याच्या नोंदींत तो आपल्या नांवावर चढला कीं नाहीं तें पाहावें. धन्यानें कापूनहि भरला नाहीं, तर तो पुन्हां आपल्याकडून वसूल करतां येत नाहीं, पण कापल्याचा पुरावा आपल्याजवळ पाहिजे. आणि उत्पन्न कितीहि थोडें असलें तरी, कर कापला गेला असेल तर विवरणपत्र चुकवूं नये.

मिठागरांतील आगरियांजवळ यांतला एकहि कागद नव्हता. त्यांच्या हातांतील मीठ कोण पारखतें आणि कोण नाकारतें, एवढें एकच न्यायालयानें पाहिलें. आपल्या मुलांच्या हातीं निदान कागद तरी आहेत. ते त्यांनीं वाचावे, समजून घ्यावे आणि सांभाळून ठेवावे.